ओझ्यावरचं बोलणं

मोटार आली, चांगलंच झालं. पोलादपुराला बसलं की तोंडातलं पान संपायच्या आत महाड दिसायला लागतं. माझी बैलगाडी परसात उभी हाय आणि कोंबड्यांनी तिचं खुराडं केलंय. त्याचा मला राग नाय. म्हणजे हाय, पण तो माझ्यापुरता. खरा राग येतो त्या मोटारीवरच्या क्लीनरचा. डोक्यावर ओझं घेऊन नवऱ्याच्या मागनं चाललेली बाई सडकेवर दिसली की हा मोटार थांबवतो आणि वरनं ओरडतो, "अरे, ओझ्याखाली मारतोस काय बायकोला? चढा वर दोघं." माणूस वाईट नाय, त्याला दया येते. पण आपण काय मोडतोय ते त्या बापड्याला ठाऊक नाय.

तुम्ही बाहेरचे, तुम्हांला पण ठाऊक नसणार. म्हणून ठकूबाईचं सांगतो. चहा निवला तर निवू दे, बसा.

आमचा कोंड, म्हणजे वाडी, डोंगराच्या कुशीत. घरं थोडी, आणि सगळी एकमेकांच्या उरावर. एका घरात कढी फुटली की दुसऱ्या घरात कळतं. घराघरातला कर्ता पोरगा मुंबईला गिरणीत. तो यायचा शिमग्याला, फार तर गणपतीला. आला की ओटीवर बापाजवळ झोपायचं. बायको आत चुलीपाशी, सासूच्या कुशीला. भाकरी वाढायची ती ताट पुढं सरकवून, तोंड भिंतीकडं करून. नवरा-बायको चारचौघांत बोलली तर थोरामोठ्यांचा मान गेला, असा हिशेब. पोरंबाळं व्हायची, नाय असं नाय. पण दोन माणसांनी बसून सुखदुःखाचं चार शब्द बोलायचं म्हणाल, तर त्याला जागाच नाय.

एकच जागा होती. नवरा मुंबईला परत निघाला की त्याचं ओझं बायकोनं डोक्यावर घ्यायचं आणि महाडच्या बंदरापर्यंत पोचवायचं. तांदूळ, कुळीथ, उडीद, आंबोशी, काय असेल ते. येताना बाजारातनं मीठ आणायचं. काम म्हटलं की कुणाची हरकत नाय. गाव सुटेपर्यंत तो पुढं, ती मागं. सावित्रीचा उतार ओलांडला की तो पावलं आखडती घ्यायचा, ती लांब टाकायची. आणि डोईवरचं ओझं एकटीला उतरत नाय, दुसऱ्याचा हात लागतोच. म्हणून वाटेत जागोजाग छातीएवढे धोंडे उभे केलेले, त्यावर ओझं टेकवायचं नि बोलायचं. वर्षाचं सगळं बोलणं त्या वाटेवर व्हायचं. पोराचा ताप, गाईची खोड, सासूची जीभ, गिरणीतली रोजची किटकिट, सगळं. आमच्याकडं दोघं कुठं बाजूला कुजबुजताना दिसली की अजून विचारतात, काय रे, ओझ्यावरचं बोलणं चाललंय काय?

आता ठकूबाई. माझ्या शेजारची. तिच्या घरात धाकटा दीर सोनबा, त्याची बायको बनुबाई, त्यांचा मुलगा पांडू, तो गिरणीत, आणि पांडूची बायको आवडी. ठकूबाईचा नवरा सयाजी मुंबईला असतानाच मानमोडीच्या तापाच्या साथीत मेला. पोटी काय नाय. तेव्हापासनं ठकूबाई म्हणजे नुसता निखारा. तिच्या रागाला सगळा कोंड भ्यायचा. माझा बैल तिच्या पडवीत शिरला म्हणून तिनं दोन पावसाळे माझ्याशी अबोला धरला होता, आणि अबोला असा की रोज सकाळी माझ्या दारात उभी राहून बैलाला शिव्या द्यायची. कुणी म्हणायचं, ठकूबाईचा राग सरणावर पण विझायचा नाय. मी पण म्हणायचो. मी तर जरा जास्तच म्हणायचो.

त्या वर्षी शिमग्याला पांडू आला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आवडीची कूस उजवली नव्हती. सोनबानं मनावर घेतलं की पांडूला दुसरी करायची. वरंधकडची एक मुलगी बघून ठेवली होती. सोनबा वाईट माणूस नव्हता हो, मुळीच नव्हता. कोंडात कुणाच्या घरात चूल पेटली नाय तर हा दाण्याची पाटी घेऊन पहिला पोचायचा. त्याला वाटलं, नातू नाय, पोराचं पुढं कसं व्हायचं.

ओटीवर बोलणं झालं तेव्हा मी तिथंच पान लावत बसलो होतो. सोनबानं पांडूला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" पांडू खाली बघून अंगठ्यानं शेणाची जमीन उकरत बसला. आमच्यात बापापुढं गप्प बसणं म्हणजे होकार. मग बनुबाईनं आत जाऊन आवडीला विचारलं. ती चुलीत फुंकत होती, फुंकतच राहिली. तो पण होकार. बनुबाईनं बाहेर येऊन सांगितलं, तिची ना नाय. आत जाऊन सांगितलं, त्याची ना नाय. झालं. कुणी खोटं बोललं नाय आणि कुणी खरं पण बोललं नाय. पांडूला वाटलं, हिलाच सवत चालते, म्हणजे मी हिला नकोसा झालो. आवडीला वाटलं, याचं मन उडालं. ठरलं की पांडूनं मुंबईला जाऊन रजा सांगायची आणि वैशाखात येऊन बोहल्यावर चढायचं. वरंधला सुपारी जायची ती पांडू निघाला की दुसऱ्या दिवशी.

ठकूबाई माजघरात तांदूळ निवडत होती. ती काय बोलली नाय. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तिचा भरवसा होता निघायच्या दिवसावर. आवडी ओझं घेऊन जाईल, वाटेत दोघं बोलतील, गाठ आपोआप सुटेल. पण आदल्या संध्याकाळी सोनबा माझ्याकडं आला. म्हणाला, "हैबती, तू उद्या हिरड्याची पोती घेऊन महाडला जातोसच. पांडूचं ओझं गाडीत टाक. पोर वाळलीय बघ आवडी, तिला एवढं ओझं नको." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मनात कुठंतरी टोचत असणार त्याला, म्हणून ही माया. मी होय म्हटलं. मला कुठं ठाऊक, आपण कशाला हातभार लावतोय.

सकाळी बैल जुंपले तर ठकूबाई लुगड्याचा पदर खोचून हजर. हातात कापडाचं गाठोडं.

"वयनी, तू कुठं?"

"डोळे दाखवायला. महाडात वैद्य हाय. मला हल्ली माणसातलं नि बैलातलं काय कळत नाय, तुझ्याकडं बघून तर मुळीच नाय."

सोनबा ओटीवरनं म्हणाला, "वयनी, मग जा की. गाडी हायच."

"एकटी कशी जाऊ? आंधळ्या बाईला बाजारात हात धरायला कोण? आवडीला संगती धाडा. मीठ पण आणायचंय."

बनुबाई आतनं म्हणाली, "मीठ मडकंभर हाय, जाऊबाय."

"बघ जा."

बनुबाई बघून आली. मिठाचं पाणी झालं होतं. भर उन्हाळ्यात मीठ पाझरतं कसं, म्हणून ती वाशांकडं बघत राहिली. तांब्याभर पाणी कुणी ओतलं ते मला ठकूबाईनं पुढं कधीतरी सांगितलं, आणि सांगताना खुशाल हसली.

तर निघालो. गाडीत हिरड्याची पोती, त्यावर पांडूचं तांदळाचं बोचकं, आणि बोचक्याला टेकून ठकूबाई आडवी पसरली. कंबर धरलीय म्हणाली. दुसऱ्याला बसायला टिचभर जागा ठेवली नाय. पांडू नि आवडी मागनं चालत. गाव सुटलं तसं तिनं मला पाठीत कोपर मारलं.

"मागं बघू नको, हैबती."

"मी कशाला बघू?"

"तुझी मान जात्यासारखी फिरते, मला ठाऊक हाय. पुढं बघ आणि काय तरी बडबड. तुला ते येतं."

मी बडबडलो. बैलांचं, हिरड्याच्या दराचं, माझ्या मेव्हण्याच्या लग्नाचं. सावित्री ओलांडली, चाकं ओली झाली, वाळली. पळसाची झाडं लाल होऊन उभी. मागनं एक शब्द ऐकू येत नव्हता. ठकूबाईची चुळबूळ वाढली.

"बोलतायत काय रे?"

"तूच म्हणालीस मागं बघू नको."

"मेल्या, मी विचारलं की बघायचं."

मी बघितलं. पांडू गाडीच्या मागोमाग, हात मोकळे, काय करावं ते न कळून हातातली काठी झाडांवर मारत. आणि आवडी किती तरी मागं. दोन शेतं मागं. रिकाम्या हातानं, पदर दाताखाली धरून, सडकेच्या कडंकडंनं. परक्या माणसाच्या मागनं परकी बाई चालावी तशी. मी ठकूबाईला सांगितलं.

तिनं कपाळावर हात मारला. "अगो माझ्या बाय. ओझंच नाय तिच्या डोक्यावर."

मला कळलं नाय. ती म्हणाली, "अरे, रिकामी बाई नवऱ्याच्या जवळ जाईल कशाला? लोक काय म्हणतील? ओझं असलं तर जवळ जायचं निमित्त असतं. थांबव गाडी."

मी बैल थांबवले. ठकूबाई उठली, कंबरबिंबर काय धरलेली नव्हती, आणि दोन्ही हातांनी ते बोचकं उचलून तिनं सडकेवर ढकललं. पांडू बघतच राहिला.

"काकी, काय झालं?"

"रुततंय मला ते. सगळी पाठ सोलली. आवडे, ये गो इकडं लवकर. घे डोक्यावर."

पांडू म्हणाला, "मी घेतो ना, काकी."

"तू?" ठकूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की मी पण गाडीत आखडलो. "मुंबईचा साहेब ओझं वाहतो आणि बायको मोकळी चालते, हे महाडच्या बाजारात दाखवायचंय होय? बापाचं नाक कापायला निघालायस? गप उचलून दे तिला."

आवडी आली. पदराची चुंबळ करून तिनं डोक्यावर ठेवली. पांडूनं ओझं उचललं, तिच्या डोक्यावर ठेवलं, आणि नीट बसलं काय ते बघायला हात जरा वेळ तसाच धरून ठेवला. तेवढं मी बघितलं. मग माझ्या पाठीत परत कोपर बसलं.

"आता हाक. आणि आता खरंच बघू नको."

थोडं पुढं गेल्यावर मागनं पांडूचा आवाज आला. काय बोलला ते कळलं नाय. मग पहिला धोंडा आला, आणि मला ओझं टेकवल्याचा धप्प आवाज आला. मी बैलांना सैल सोडलं. मग आवडीचा आवाज. मी त्या पोरीला लग्न होऊन आल्यापासनं ओळखत होतो, पण तिचा आवाज असा हाय ते मला तोवर ठाऊक नव्हतं. हळू नव्हता, भांडत होती. खरं सांगतो, मला राहवलं नाय. मान फिरलीच. पांडू धोंड्यापाशी उकिडवा बसलेला, डोकं दोन्ही हातांत, आणि ती त्याच्यापुढं उभी राहून हात हलवून हलवून बोलतेय. डोळे पुसतेय आणि बोलतेय. वर्षावर्षांचं साठलेलं सगळं.

ठकूबाईनं माझं मुंडासं धरून मान सरळ केली. पण ती पण हसत होती, मी बघितलं.

माझा जीव मात्र वर-खाली. मुंबईची लाँच बंदरातनं भरतीवर सुटते, आणि आम्ही अजून वाटेतच. मी म्हटलं, "वयनी, त्याची लाँच चुकेल. चुकली तर कामावर खाडा, खाडा झाला की मुकादम दुसरा माणूस घेतो."

"चुकू दे."

"अगो, नोकरी जाईल त्याची."

"नोकरी परत मिळते," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "जरा हाक. पण जोरात नको."

असं करत करत प्रत्येक धोंड्याला थांबत आम्ही महाडला पोचलो. लाँच भोंगा देत होती. पांडूनं ओझं आवडीच्या डोक्यावरनं उतरवून आपल्या खांद्यावर घेतलं, धक्क्याकडं चार पावलं धावला, आणि परत फिरून ठकूबाईकडं आला. पाया पडला. म्हणाला, "काकी, आबांना सांग. वरंधची सोयरीक नको. मला नको आणि हिला पण नको. मी आबांपुढं बोलू शकलो नाय, तू बोल."

"तुझ्या बापाला माझ्या तोंडचं ऐकायची सवय हाय," ठकूबाई म्हणाली. "जा आता, पळ."

आवडी धक्क्यावर उभी. लाँच वळणाआड जाईतो हलली नाय. मग आली, आणि ठकूबाईला म्हणाली, "मोठ्या आत्याबाय, वैद्याकडं जायचं ना?"

"कसला वैद्य? मला लांबच्या झाडावरचा कावळा दिसतो. मीठ घे आणि चल."

परतीच्या वाटेला गाडी रिकामी. आवडी मिठाच्या गोणीला टेकून झोपली. तोंडावर ऊन आलं तरी उठेना, इतकी शिणली होती. ठकूबाई माझ्या मागं बसली होती. मी म्हटलं, "वयनी, एक विचारू? घरात दुसरी आली असती, नातू झाला असता, तू पण आजी झाली असतीस. तुला एवढं कशाचं पडलं होतं? मीठ नासलंस, खोटं बोललीस, माझी पाठ सुजवलीस."

मला वाटलं, आता ती चिडणार. मग म्हणाली, "माझा घरधनी शेवटचा मुंबईला गेला तो शिमगा आठवतो तुला?"

"आठवतो की."

"तेव्हा माझ्या पायात काटा मोडला होता. पाय सुजला होता. निघायच्या दिवशी मी चुंबळ करून बसले, ओझं उचलायला. तर सोनबा भावजी पुढं आले. तेव्हा पोरसवदाच होते. म्हणाले, वयनी, तुझा पाय दुखतोय, तू बस, दादाचं ओझं मी नेतो. सगळ्यांनी कौतुक केलं. भावजींना किती माया, म्हणाले. मी काय बोलणार? दुखू दे पाय, मला जाऊ द्या, असं सासऱ्यापुढं म्हणू? ते दोघं भाऊ गेले. मी चुंबळ हातात घेऊन उंबऱ्यात उभी."

बैल आपले चालत होते.

"त्या शिमग्यात मी त्याच्यावर रुसले होते. जेवताना सगळ्यांपुढं म्हणाला, मुंबईच्या खानावळीत भाकरी याच्यापेक्षा मऊ असते. मी मग त्याच्याशी बोललेच नाय. तसं पण आम्ही घरात बोलत नव्हतोच, त्यामुळं रुसवा कुणाला कळला नाय. त्याला तेवढा कळला. ताट पुढं करताना तो माझ्या तोंडाकडं बघायचा. मी म्हटलं, राहू दे, वाटेवर सांगेन. दिवाळी यायच्या आत मानमोडी आली आणि तो गेला."

मी विचारलं, "काय सांगायचं होतं, वयनी?"

"काय नाय रे. राग गेलाय माझा, एवढंच सांगायचं होतं."

मागं बघायची मला खोड हाय, ती म्हणाली ते खरं होतं. पण त्या दिवशी सावित्रीपासनं घरापर्यंत मी मान फिरवली नाय. ती मागं रडत होती, आणि मी पुढं बैलांशी मोठमोठ्यानं बोलत होतो, आवडीला ऐकू जाऊ नये म्हणून.